घरची जुनी कागदपत्रं जतन करून घ्यायची असतील तर: नागपूरच्या धरमपेठेतल्या ह्या जागेचा माझा अनुभव

पहिलेच सांगते, ज्यांच्या घरी माळ्यावर नाहीतर दिवाणाखाली जुन्या कागदांची पेटी पडून आहे आणि वाडा बिल्डरला द्यायची बोलणी सुरू झालीत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. लांब आहे, पण कामाचं आहे. मी पाचातले साडेचार देते, आणि तो अर्धा का कापला तेही लिहिते.

आमचं माहेर नागपूरच्या महाल भागातलं. बाबांच्या आजोबांकडे उमरेडकडच्या एका गावाची मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी आणि सारावसुली, होती, १९५१ ला मालगुजारी रद्द झाली तेव्हा ती गेली पण कागद राहिले. एक मोठी लोखंडी ट्रंक, दोन पत्र्याचे डबे, आणि लाल खारव्यात बांधलेली दप्तरं वेगळीच. त्यात भोसल्यांच्या वेळची मोडीतली एक सनद, जमीन मोजून सारा ठरवला त्या बंदोबस्ताच्या वेळच्या वाजिब-उल-अर्जाची (गावचे हक्क आणि रूढी लिहिलेल्या कागदाची) नक्कल, कुळांच्या कबुलायती (जमीन कसायचे करार), लगानाच्या पावत्या, जमाखर्चाच्या वह्या, दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे, लग्नपत्रिका, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या, पोस्टकार्डांचे गठ्ठे, फोटो, आणि आजीची एक वही. मोठे काकाजी म्हणत होते कामाचे तेवढे कागद काढून घ्या आणि बाकी रद्दीत द्या, वाडा रिकामा करायचा आहे. कामाचे म्हणजे त्यांच्या हिशोबाने जमिनीचे. नशीब माझ्या आतेभावाला ह्या जागेबद्दल माहिती होती.

जागा पहिल्या मजल्यावर आहे, दोन खोल्या, बाहेर पाटी लहानशी. एक ताई आहेत ज्या कागद दुरुस्तीचं रीतसर शिकून आल्या आहेत आणि एक वयस्कर काका मोडी वाचतात. तिथे गेल्यावर मला सगळ्यात पहिले जे आवडलं ते हे की त्यांनी काहीच उघडलं नाही. आधी प्रत्येक गाठोड्याचा, डब्याचा, ट्रंकेतल्या प्रत्येक थराचा फोटो काढला, गाठ कशी मारली आहे तिचासुद्धा, मग तात्पुरते नंबर लावले आणि मला पुडक्यांच्या मोजणीची सही केलेली पावती दिली. ही पावती कोणाकडूनही कागद दुरुस्त करून घेताना मागाच, नाही दिली तर कागद परत घेऊन या.

मग आली मुख्य गोष्ट. बहुतेक लोक तिथे जाऊन म्हणतात की सगळं तारखेप्रमाणे लावून द्या, नाहीतर पत्रं एकीकडे, पावत्या एकीकडे, फोटो एकीकडे. आम्ही पण तेच म्हटलं. ताई म्हणाल्या, तसं नाही करणार, आणि केलं तर तुमचंच नुकसान आहे. कागद ज्यानं ठेवले त्यानं ते कोणत्यातरी हिशोबानं ठेवले असतात, तो हिशोब आपल्याला कळेपर्यंत मोडायचा नाही. हे काही त्यांच्या मनचं नाही, जगभरची अभिलेखागारं, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्या संस्था, असंच करतात. फ्रान्समध्ये १८४१ सालीच सरकारी परिपत्रक निघालं होतं की एका घराचे, एका संस्थेचे किंवा एका माणसाचे कागद एकत्र राहू द्यायचे, विषयवार फोडून दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि पुढे १८९८ मध्ये हॉलंडच्या तीन अभिलेखपालांनी नियमांचं पुस्तक केलं त्यात मूळ क्रम सांभाळायचा हे पक्कं झालं. ऐकताना मला वाटलं ठीक आहे, पुस्तकातला नियम असेल, आपल्या ट्रंकेत कसला आला आहे क्रम. पण मग त्यांनी एक वही उघडून दाखवली.

जमाखर्चाची लांबट वही, शके १८४८ ची, म्हणजे इसवी १९२६-२७ ची. तिच्या आषाढाच्या पानांत एक चिठ्ठी चारदा घडी घालून ठेवलेली. पणजीच्या भावाची, हिंगणघाटहून आलेली. टपालानं आलेली नाही, गड्याच्या हाती पाठवलेली, म्हणून शिक्का नाही, आणि वर फक्त मिती आहे, आषाढ शुद्ध नवमी, साल नाही. लिहिलंय की सरकी घ्यायला पैसे कमी पडताहेत, गडी पाठवतो आहे, त्याच्या हाती पन्नास रुपये द्यावे. आणि ती चिठ्ठी ज्या पानावर होती त्याच पानावर नोंद, हस्ते गडी, हिंगणघाट, पन्नास. म्हणजे चिठ्ठी १९२६ च्या पावसाळ्याची. हीच चिठ्ठी कोणी उचलून 'पत्रं' असं लिहिलेल्या फाइलीत टाकली असती तर ती कायमची बिनसालाची राहिली असती, आणि वहीतला पन्नासचा आकडा कशाचा हेही कोणाला कळलं नसतं. मोडीवाल्या काकांनी पुढची पानं लावून पाहिली तर पौषात कापूस विकल्यावर पन्नास परत आल्याची नोंद निघाली, व्याज नाही. माझी आई तिथेच खुर्चीत बसली होती, तिला हे मामा नुसते नावाने माहीत होते.

चिठ्ठी तिथेच ठेवत नाहीत पण, कारण घडीमुळे वहीचा टाका ताणतो आणि चिठ्ठीचा हलक्या प्रतीचा कागद वहीच्या पानावर डाग पाडतो. तर चिठ्ठी उघडून वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि वहीच्या त्या पानात एक पांढरी पट्टी, पेन्सिलनं लिहिलेली, की इथे अमुक नंबरची चिठ्ठी होती. फोल्डरवर पण उलटं लिहिलेलं, अमुक वहीत अमुक पानावर सापडली. साधी गोष्ट आहे, पण दोन्हीकडून रस्ता राहतो. आणि लिहायचं ते मऊ पेन्सिलनंच, बॉलपेन त्या टेबलाजवळ पण येऊ देत नाहीत.

शेवटी जी मांडणी झाली ती अशी की पूर्ण घराचं एक दप्तर, त्याच्या आत माणसांप्रमाणे भाग, म्हणजे पणजोबांचे कागद, आजोबांचे, आजीचे, मग प्रत्येकाच्या आत मालगुजारी, जमाखर्च, कोर्ट, पत्रव्यवहार, घरची कार्यं असे गट, गटाच्या आत फाइली, आणि गरज असेल तिथेच सुट्या कागदाला नंबर. सगळ्याच पावत्यांना वेगवेगळा नंबर द्यायच्या भानगडीत ते पडत नाहीत, लगानाच्या पावत्यांचा एक गठ्ठा म्हणजे एक नंबर आणि आत कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत तेवढं. पण सनदेला किंवा वाटणीपत्राला स्वतःचा नंबर आणि खाली चार ओळींची टीप. मला हे पटलं, नाहीतर काम कधी संपलंच नसतं.

सोबत एक छापलेली सूची देतात आणि ती ह्या सगळ्या कामाचा जीव आहे असं मी म्हणेन. पहिले घराण्याची थोडक्यात माहिती, वंशावळ, कागद कोणाकडून कोणाकडे आले, कोणते थर ट्रंकेत कुठे होते, काय काय गहाळ दिसतं (आमच्याकडे मधल्या काही वर्षांच्या वह्याच नाहीत, ते स्पष्ट लिहिलं आहे), आणि मग मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत जाणारी यादी. एक गोष्ट मला फार नीट वाटली. आमच्या फाइलींत सरकारी पत्रांवर आधी मध्यप्रांत व वऱ्हाड येतं, मग मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, नागपूर जागच्या जागी आणि वरचं राज्य बदलतंय. सूचीत प्रत्येक कागदाला त्या वेळचंच नाव ठेवलं आहे, आजच्या हिशोबानं बदललं नाही. कोणी पुढेमागे शोधायला बसलं तर कोणत्या ऑफिसात त्याची दुसरी बाजू असेल ते ह्यावरूनच कळतं. कारण घरी फक्त आलेली पत्रं असतात, आपण पाठवलेला अर्ज कलेक्टर ऑफिसच्या अभिलेख कक्षात नाहीतर पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात पडलेला असू शकतो.

आता आजीची वही. त्यात ओव्या आहेत, पापडाचं प्रमाण आहे, कोणाच्या बाळंतपणाला काय दिलं ते आहे, भिशीचा हिशोब आहे. काकाजींच्या लेखी ती रद्दीत जाणार होती. ताईंनी आजीला स्वतःचा भाग दिला, 'इतर' मध्ये नाही टाकलं. आणि सूचीत तिचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही एकमेकांना जोडून लिहिलं, कारण लग्नाआधीच्या शाळेच्या प्रमाणपत्रावर एक नाव, नंतर पत्रांवर दुसरं, आणि वंशावळीत तर नुसतं 'सौ.' करून सोडलेलं. तीन ठिकाणची ही एकच बाई आहे हे आत्ता लिहून नाही ठेवलं तर आमच्यानंतरच्यांना कुठून कळणार? ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना वेगळे धन्यवाद देते.

दुरुस्तीबद्दल. तिथे कळलं की आमचा सगळ्यात जुना कागद सगळ्यात मजबूत आहे. सनद हातकागदावर, चिंध्यांच्या लगद्याचा कागद, काजळीची शाई, पावणेदोनशे वर्षांनीही काळीभोर. आणि १९४०-४५ चे कागद हातात घेतले की कडा भुरभुर पडतात, कारण गिरणीचा लाकडी लगद्याचा कागद, त्यात तुरटीमुळे आम्ल राहतं आणि ते आतल्या आत कागद जाळत जातं, वरून महायुद्धात कागदाची टंचाई होती तेव्हा मिळेल तसला वापरलेला. निळ्याकाळ्या शाईत लोखंड असतं, जिथे अक्षर जाड आहे तिथे आरपार भोकं पडली आहेत. म्हणून प्रत्येकाला एकच उपचार नाही. मऊ ब्रशनं धूळ काढणं सगळ्यांना, गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढणं सगळ्यांना, पण पाणी लावायचं की नाही ते शाई तपासूनच. फाटलेलं जोडायला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, म्हणजे उद्या कोणाला काढावंसं वाटलं तर ओलसर करून निघेल. जे परत काढता येणार नाही ते कागदावर करायचंच नाही, हा त्यांचा नियम. वाळवीनं खाल्लेल्या ठिकाणी मागून आधार देतात, गेलेली अक्षरं भरत नाहीत, अंदाजानं तर अजिबातच नाही.

इथे मला दुसऱ्या एका दुकानाचं सांगावंच लागेल, नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी घरातल्यांनी एक जुनं वाटणीपत्र तिथे 'सुरक्षित करून द्या' म्हणून दिलं होतं आणि त्यांनी ते गरम मशीनमधून प्लास्टिकमध्ये बंद करून दिलं, आयकार्ड करतात तसं. आता आतला कागद तपकिरी झाला आहे, एका कोपऱ्यात प्लास्टिक सुटून दमट हवा आत गेली आहे आणि ते काढता येत नाही, काढायला गेलं तर अक्षरांसकट वरचा थर निघेल. ताईंनी हात लावायला नकार दिला. पैसे घेऊन प्रयत्न करून पाहते असंही नाही म्हणाल्या. जसं आहे तसं चांगलं स्कॅन केलं आणि सूचीत लिहून ठेवलं की ह्या स्थितीत आलं. लोकहो, कृपा करून मूळ कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. पारदर्शक कव्हर पाहिजेच असेल तर पॉलिस्टरचं घ्या, बाजूनं उघडं, चिकटवलेलं नाही, ते कधीही काढता येतं.

फोटोंचं काम ठीकठाक. चिकट पानांच्या अल्बममधून जेवढे सुटले तेवढे सोडवले, बाकीचे पानासकट ठेवले. मौज्याचा कापडावर चिकटवलेला नकाशा मात्र झकास झाला, घड्या काढून रुंद नळीवर गुंडाळून दिला आहे.

पेट्या, फोल्डर सगळं आम्लरहित बोर्डाचं आहे आणि दप्तरांना नवीन रुमाल, सुती, खळ नसलेला, धुतलेला. जुने खारव्याचे रुमाल फेकले नाहीत, त्यांवर कोणाच्या हातची अक्षरं होती म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. आणि घरी कुठे ठेवायचं ह्यावर जे सांगितलं ते नागपूरच्या प्रत्येक घरानं ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, कागद वाळून कडक होतो, आणि त्याच खोलीत आपण खिडकीला डेझर्ट कूलर लावतो, म्हणजे दिवसभर ओली हवा थेट आलमारीवर. रात्री बंद केला की परत कोरडं. कागद रोज ताणतो आणि सैल होतो. अभिलेखागारात साधारण २२ ते २५ डिग्री आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरतात, घरी ते जमणार नाही, पण कूलरच्या खोलीत ठेवू नका, स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, एवढं तर जमतं. मधल्या खोलीत स्टीलची आलमारी, जमिनीपासून उचललेली, आणि पावसाळा संपला की एक कोरडा दिवस पाहून सगळ्या पेट्या उघडून बघायच्या. वेखंडाची पुरचुंडी चालते, कागदाला चिकटून नाही. डांबरगोळ्या फोटोंजवळ नको.

अजून एक उपयोग जो बऱ्याच जणांना लागतो. जात पडताळणीला जुने पुरावे लागतात, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. मी तिथे असताना एक कुटुंब आजोबांचा शाळेचा दाखला घेऊन आलं होतं, घडीवर चार तुकडे झालेला, पोराची ॲडमिशन त्यावर अडलेली. घरात नेहमी असं होतं की असा कागद लागला की तेवढाच गठ्ठ्यातून ओढून काढतात, चार ऑफिसात फिरतो आणि परत कुठे गेला ते कोणाला आठवत नाही. ताईंची पद्धत अशी की कागद काढला की त्या जागी पट्टी ठेवायची, कोणी काढला, कधी, कशाला. आमच्या घरात आता हे चालू आहे आणि काकाजीसुद्धा पट्टी लिहितात.

आता अर्धा गुण का कापला. एक, सांगितलेल्या तारखेच्या बरंच पुढे गेलं काम आणि आपण फोन केल्याशिवाय तिकडून फोन येत नाही. दोन, स्कॅन आधी फक्त जेपीजी दिले, मोठ्या टिफ फाइली मागितल्यावर मिळाल्या, ह्या मागायला लागू नयेत. तीन, मोडीचं लिप्यंतर वेगळे पैसे देऊन, आणि ते सुरुवातीला स्पष्ट सांगितलं पाहिजे होतं. काका वाचतात फार सुंदर, अडलेला शब्द तसाच ठेवून प्रश्नचिन्ह करतात, ओढूनताणून लावत नाहीत, त्यामुळे पैशाचं दुःख नाही, न सांगितल्याचं आहे. लिफ्ट नाही, ट्रंक वर न्यायला दोन माणसं लागली. खर्च एकूण एका चांगल्या फोनएवढा आला, तीन भावंडांत वाटून घेतला.

संवेदनशील कागदांबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलं हेही लिहून ठेवते. वाटणीच्या भांडणातली काही पत्रं, एका आत्याच्या आजारपणाची, ज्यांची मुलं अजून आहेत. ती फाडायची पण नाहीत आणि सगळ्यांपुढे ठेवायची पण नाहीत, म्हणून बंद पाकिटात, वर कोणत्या सालानंतर उघडायचं ते लिहिलेलं, आणि सूचीत फक्त 'खासगी' एवढाच उल्लेख. घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या त्यावर.

कागद पुढे कुठे द्यायचे ह्यावर आमच्याकडे अजून चर्चा सुरू आहे. माझं मत आहे की मालगुजारीचा भाग तरी पुराभिलेख विभागाकडे किंवा एखाद्या संशोधन संस्थेकडे जावा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून घरोघरची दप्तरं शोधत होते आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते लोकांनी अशीच दप्तरं दिली म्हणून वाढलं. विदर्भातल्या घरांत किती पडलं असेल ह्याचा विचार केला की जीव तुटतो, कारण एकेक वाडा पडतो तसं ते जातंय. उमरेडकडच्या त्या गावातल्या कुळांची नावं, कोणाकडे किती जमीन, निस्तार (जळण, चारा घ्यायचा गावकऱ्यांचा हक्क) कुठून, हे आमच्या ट्रंकेत आहे, आणि त्या कुळांच्या नातवंडांचाही त्यावर आमच्याएवढाच हक्क आहे असं मला वाटतं. द्यायचं झालं तर दानपत्रात लिहून घ्या की दप्तर एकत्र राहील, फोडलं जाणार नाही, आणि कोणाला कधी बघता येईल. त्याचा मसुदा ताई करून देतात.

जाणार असाल तर काही गोष्टी. घरी कागद साफ करू नका, गाठी सोडू नका, तारखेनं लावू नका, ट्रंक जशी आहे तशी न्या, आतला कचरा वाटणारा कपटा पण राहू द्या. घरात सगळ्यात वयानं मोठं जे कोणी असेल त्यांना सोबत न्या किंवा आधी त्यांच्याशी बोलून फोटोंतली माणसं कोण ते लिहून घ्या, ही माहिती कोणत्याच कागदावर सापडत नाही. आधी फोन करून जा, दुपारी जेवायच्या वेळेला बंद असतं. बुधवारी मोडीवाले काका नसतात.